कोटातून काडीही नेत नाहीत

माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात लिहायची सवय सुटून कितीतरी वर्षं झाली. म्हणून आधीच हात जोडते, चुकेल तिथे सांभाळून घ्या. कोणाला हात जोडते तेही मला माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. पण गल्लीतल्या बाया विचारतात, "पोरीकडे जाऊन आलीस, कसं होतं गं तिकडं?" आणि मी म्हणते, "चांगलं होतं." चार जणींपुढे माझं तोंड उघडत नाही. एवढं पाहून आले आणि दोन शब्दांत संपवलं, याचं मलाच वाईट वाटतं. म्हणून दुपारी दार लोटून लिहायला बसले आहे.

आमचं गाव लोणारजवळ. माझी मुलगी पूनम वनखात्यात वनरक्षक झाली आणि तिला जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला नेमणूक मिळाली. तिथे एक जुना परकोट आहे. कोणी म्हणतं गवळी राजानं बांधला, कोणी आणखी कोणाचं नाव घेतं. आत एकेकाळी वाडे होते, बाजार होता. आता भिंत उरली आहे आणि भिंतीच्या आत सगळं जंगल. तिकडचे लोक त्याला नुसतं 'कोट' म्हणतात. हौशी माणसं खामगाव-अकोल्याहून सुट्टीच्या दिवशी पायी हिंडायला येतात. त्या जंगलाची राखण माझ्या पूनमकडे.

मी मात्र हौसेनं गेले नव्हते. उन्हाळ्यात पूनमचा साखरपुडा झाला होता. मुलगा चिखलीचा, घरचं चांगलं. मग हिची नेमणूक आली आणि मुलाचे वडील म्हणाले, "रानात एकटी हिंडणारी सून आम्हाला नको. राजीनामा द्यायला सांगा, मग तारीख काढू." पूनमनं फोनवर नाही म्हटलं. तिचे वडील तेव्हापासून तिच्याशी बोलेनात. दिवाळीनंतर ते मला म्हणाले, "मी गेलो तर भांडण होईल. तू जा. तुझं ऐकते ती. घेऊनच ये."

मी आजपर्यंत लोणार-मेहकरच्या पलीकडे एकटी गेले नव्हते.

नांदुऱ्याला उतरले

खामगावच्या स्टँडवर 'जळगाव' अशी पाटी पाहिली आणि बसले. कोणाला विचारण्यापेक्षा पाटी वाचलेली बरी. गाडी सुटल्यावर कंडक्टर आला.

"कुठी जायचं मावशी?"

"जळगाव."

"कोणतं जळगाव? जामोद का खानदेशातलं?"

मला खानदेशातलं जळगाव असतं हे ऐकून माहीत होतं, पण ही गाडी तिकडची असेल असं मनात आलं नव्हतं. मी घाबरून म्हटलं, "माझी मुलगी राहते ते."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण माणूस चांगला. म्हणाला, "मंग तुमची पोरगी जामोदकडची. हे गाडी भुसावळवरून जाते. नांदुऱ्याले उतरा, मी सांगतो कोणती गाडी ते." नांदुऱ्याला त्यानं खिडकीतून हात करून दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, "मावशीले जामोदले नेऊन सोड बे, पोरगी वाट पाहून राह्यली!" सगळ्या स्टँडनं माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून गाडीत चढले. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

जामोदच्या स्टँडवर मी पूनमला ओळखलं नाही. खाकी शर्ट, खाकी पँट, पट्टा, बूट. मी तिच्या शेजारून पुढे गेले. "आई, मी इथे आहे," असं मागून आलं तेव्हा वळले. तिनं वाकून नमस्कार केला. पँट घातलेल्या मुलीनं पायाला हात लावला की आशीर्वाद द्यायचा तोच द्यायचा, पण मी नुसती तिच्या खांद्यावरची धूळ झटकली.

बूट

पूनमची खोली कोटाच्या दरवाजाबाहेरच्या वस्तीत आहे. तिच्या सोबतीला सुंदराबाई असते. ती वनखात्याच्या रोजंदारीवर जाते, वय माझ्याहून जास्त, दात थोडे, बोलणं फार. मला पाहताच म्हणाली, "हे तुयी माय का वं मॅडम? बापा, इची तर वाचाच नाई!"

"बोलते ती," पूनम म्हणाली. "ओळख झाली की."

"कव्हा? मी मेल्यावर?"

रात्री भाकरी, मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी खाल्ली. आमच्याकडे ठेचा वाटतात, तिथे मिरच्या तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडतात. जास्त झोंबतो. सुंदराबाई भांडी घासायला बाहेर गेली तेव्हा पूनमनं विचारलं, "बाबांनी पाठवलं ना?"

मी मान हलवली.

"घेऊन ये म्हणाले?"

मी परत मान हलवली. तिनं माझं अंथरूण घातलं. मग म्हणाली, "आई, तू दोन दिवस राहा. उद्या कोट पाहा. परवा कोटात देवीचे रोडगे आहेत, ते पाहा. मग तू 'चल' म्हणालीस तर मी राजीनामा लिहीन. बाबांनी सांगून नाही लिहिणार. तू सांगितलंस तर लिहीन."

एवढं ओझं तिनं माझ्यावर टाकायला नको होतं. माझ्या लग्नात, माझ्या माहेरच्या जमिनीत, मुलांच्या शाळेत, कशातच कोणी मला विचारून केलं नव्हतं. 'तू सांगशील तसं' हे ऐकायची मला सवयच नाही. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि झोपल्याचं सोंग केलं.

सकाळी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पूनमनं तिचे जुने बूट काढले, मोजे काढले आणि माझ्यापुढे खाली बसली. मी म्हटलं, "लुगड्यावर बूट? लोक हसतील." ती म्हणाली, "आत लोक नाहीत, माकडं आहेत." माझा पाय आणि तिचा पाय एकाच मापाचा निघाला. तिनं मला नाडी बांधून दिली. शाळेत जाताना मी तिला बांधून द्यायची, तशीच दोन फासांची.

आत

आमचं लोणारचं सरोवर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगते. तिथे खाली उतरलं की चारी बाजूंनी जमीनच उभी राहते आणि आत झाडी, देवळं, वानरं. तिथे जमिनीनंच भिंत घातली आहे. इथे ती माणसांनी घातली आहे, एवढाच फरक वाटला. महादरवाजातून आत पाऊल टाकलं की बाहेरचा आवाज बंद होतो. ट्रॅक्टर, भोंगे, काही नाही. दरवाजाची लाकडी दारं कधीच गेली. वरच्या कमानीत पिंपळ उगवला आहे आणि त्याची मुळं दगडांच्या सांध्यांतून अशी उतरली आहेत, जशा म्हातारीच्या हाताच्या शिरा.

पायवाटांवर दगडांना पांढऱ्या रंगानं बाण काढले आहेत. ते पूनमनंच काढले. साग जास्त, सालई, धावडा, मधूनच मोठा मोह. सागाची पानं वाळून खाली पडलेली, बूट ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. आधी तोफ लागली. गवतात लांब पडली आहे, आणि तिच्या तोंडावर एक वानरीण पिलाला घेऊन ऊन खात बसली होती. आम्हाला पाहून उठलीसुद्धा नाही. मग बावडी. पायऱ्या खोल गेलेल्या, खाली हिरवं पाणी, वर येणारी हवा थंडगार. मी वरच्याच पायरीवर बसले आणि पूनमला म्हटलं, "इथे पाणी भरायला बाया येत असतील नाही, पूर्वी?"

"येत असतील."

"त्याही एकमेकींशी बोलत असतील."

ती हसली. म्हणाली, "तू घरी एवढंही बोलत नाहीस."

बावडीच्या पुढे वाट अरुंद होते. तिथे पूनम एकदम थांबली आणि तळहात मागे करून मला थांबवलं. झाडीत सळसळ झाली. पुढून रानडुकरांचा कळप वाट ओलांडून गेला, मोठी मादी आधी, मागे पिल्लं, सगळ्यात शेवटी एक दांडगा नर. तो वाटेवर उभा राहिला आणि आमच्याकडे पाहू लागला. पूनम माझ्या पुढे सरकली. हलली नाही, ओरडली नाही. लहानपणी गल्लीत कुत्रं दिसलं तरी ही माझ्या पदरामागे जायची. आता मी तिच्या शर्टाचं टोक धरून उभी होते. डुक्कर गेल्यावर तिनं मागे पाहिलं आणि म्हणाली, "सोड आता, शर्ट चुरगळतो."

बुरुजावर चढलो तेव्हा दुपार झाली होती. एका बाजूला सातपुडा, एकामागे एक डोंगर, निळे होत गेलेले. दुसऱ्या बाजूला सपाट काळं रान, कापसाची शेतं, पार पूर्णेपर्यंत. पूनमनं डबा उघडला. मी तिच्याकडे पाहत होते. ऊन लागून काळी झाली आहे, हातांवर काट्यांचे ओरखडे आहेत. मला वाटलं, आता बोलावं. 'चल' म्हणावं. चिखलीचं घर पक्कं आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. हिला इथे काय? पण ती मला बोट दाखवून सांगत होती की ते अंजनाचं झाड, तो दर्गा, तो हत्तीखान्याचा चौथरा, आणि तिचं ते सांगणं मोडायला माझी जीभ रेटली नाही. ती बोलताना 'मले' म्हणाली. आमच्याकडे कोणी 'मले' म्हणत नाही.

रोडगे

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आजूबाजूच्या गावांतली माणसं कोटातल्या देवीला रोडगे करतात. आमच्याकडे मारुतीला होतात तसेच. जाडसर दळलेल्या गव्हाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे, वर वांग्याची भाजी आणि वरण. पण इथे एक गोष्ट वेगळी पाहिली. गोवऱ्या प्रत्येकीनं घरून डोक्यावर आणलेल्या. एवढं जंगल सभोवती, पायाखाली वाळलेली काटकी, पण कोणी एक काडी उचलून चुलीत घातली नाही.

मी सुंदराबाईला हळूच विचारलं, असं का.

"देवीचं हाय," ती म्हणाली. "कोटातली काडी घरी नेली का घराले वाळवी लागते, असं आमचा बुढा सांगे. आतलं आत राहू द्यायचं. आन बाहेरून, पण आतलं न्यायचं नाई. परसादबी इथंच संपवा लागते."

पूनम खाकीत सगळीकडे फिरत होती. बावडीजवळच्या फरसबंदीवरच जाळ करू देत होती, पाण्याच्या बादल्या भरून ठेवायला लावत होती. पुरुष स्वयंपाक करत होते. तिकडे पंगतीचा स्वयंपाक पुरुषच करतात. आमच्याकडच्या पुरुषांना तवा कुठे असतो तेही माहीत नसतं. एक आजोबा भाजीत पळी फिरवता फिरवता पूनमला म्हणाले, "मॅडम, मीठ पाह्य वं." तिनं तळहातावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, "आणखी थोडं." त्यांनी टाकलं. मी हे लांबून पाहिलं.

जेवायला बसले तर बायांनी मला मध्ये बसवलं. "खाय ना वं बाई, लाजून काय राह्यली!" असं म्हणत पत्रावळीवर रोडग्यावर रोडगा. मला इतके जाईनात. आणि आमची रीत अशी की देवाच्या ठिकाणी गेलं तर मागे राहिलेल्यांसाठी प्रसाद घरी आणायचा. लोणारच्या कमळजा देवीच्या यात्रेहून मी कधी रिकाम्या हाती आले नाही. पूनमच्या वडिलांना रोडगे फार आवडतात. रागावले असले म्हणून काय झालं. कोणी पाहत नाहीसं बघून मी दोन रोडगे रुमालात गुंडाळले आणि पिशवीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवले.

सांजेला सगळे निघाले. दरवाजात पूनम उभी. जाणाऱ्या प्रत्येकाला पिशवी उघडायला सांगत होती. आवाज वाढवत नव्हती, "काकू, दाखवा बरं," एवढंच. एका मोठ्या घरच्या माणसानं पोत्यात सागाच्या दोन काठ्या घातल्या होत्या. तो म्हणाला, "लेकराले बॅटीसाठी घेतल्या, एवढ्याले काय होते?" पूनम म्हणाली, "देवीले विचारून घेतल्या का दादा?" लोक हसले. त्यानं काठ्या काढून भिंतीला टेकवल्या आणि गेला, तोही हसतच.

माझी पाळी आली. मला वाटलं, मला सोडेल. आई आहे मी. मागे सगळ्या बाया उभ्या होत्या, सुंदराबाई पुढे. सगळ्या बघत होत्या, मॅडम काय करते ते.

पूनम म्हणाली, "आई, पिशवी."

मी पिशवी पुढे केली. तिनं लुगड्याची घडी उचलली, रुमाल काढला, सोडला. दोन रोडगे.

मला तोंड कुठे लपवू असं झालं. लेकीच्या दारात चोरी धरली गेली, तीही अर्ध्या गावासमोर. डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या बाबांसाठी," एवढंच कसंबसं निघालं.

तेवढ्यात सुंदराबाई मागून ओरडली, "अवो बाई! कोटातून काडी नेऊ देत नाई आमची मॅडम, अन् तू तर मॅडमलेच न्याले आली!"

सगळ्या खदखदून हसल्या. म्हणजे मी कशाला आले हे त्या वस्तीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पूनम लाल झाली. "सुंदरामावशी!" म्हणून ओरडली. आणि मग, कसं झालं माहीत नाही, मलाही हसू आलं. रडता रडता हसू आलं.

पूनम दरवाजाच्या आतल्या उंबऱ्यावर बसली आणि मला हातानं शेजारी बसवलं. "आत संपवायचं, मग बाहेर," ती म्हणाली. एक रोडगा तिनं घेतला, एक मला दिला. मला एवढा जाईना. सुंदराबाईनं निम्मा तोडून घेतला, आणखी एकीनं तिच्यातला घास घेतला. कोणीतरी डब्यातलं उरलेलं तूप वरून घातलं. अशा आम्ही सात-आठ बाया दरवाजात दाटीवाटीनं बसून, कोटाचे रोडगे कोटातच संपवत होतो. गार झालेला रोडगा इतका गोड लागतो हे मला माहीत नव्हतं.

तिथे बसून मी पूनमकडे पाहिलं. मला चार माणसांपुढे मान वर करता येत नाही. नको असलेल्याला नको म्हणता येत नाही. म्हणता आलं नाही म्हणून माझं काय काय गेलं, ते इथे लिहीत नाही. आणि हिनं त्या मोठ्या माणसाला नाही म्हटलं, मला, सख्ख्या आईला नाही म्हटलं, आणि कोणाला लागलं नाही. मला नाही म्हटलं आणि शेजारी बसून माझ्याबरोबर खाल्लं. हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

माणसं पांगल्यावर तिनं विचारलं, "आई, काय करू?"

मी म्हटलं, "राहा."

"नीट विचार करून सांगतेस ना?"

"हो. मी पाहिलं. राहा तू."

तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, खाकीतच. तिच्या केसांना गोवरीच्या धुराचा वास येत होता.

घरी

एकटी परत आले. ह्यांनी दारातच विचारलं, "पोरगी कुठाय?" मी सांगितलं. त्या रात्री जेवले नाहीत. काही दिवसांनी मुलाचे वडील आणि मध्यस्थ आले. मी नेहमी चहा आतून देते. त्या दिवशी ट्रे घेऊन मीच बाहेर गेले. कपबशा वाजत होत्या. ट्रे ठेवला आणि उभी राहूनच म्हटलं, "पूनम नोकरी सोडणार नाही. मी जाऊन पाहून आले." आणखी एखादं वाक्य बोलायचं होतं, ते विसरले. पण झालं.

मुलाचे वडील म्हणाले, "मग आमच्या साखरपुड्याचा खर्च?" आणि खिशातून हिशेब काढला. साडी, अंगठी, गाडीभाडं, पेढे. त्यात हारांचेही पैसे लावले होते आणि फोटोवाल्याला पाजलेल्या रसाचेही. ह्यांनी तो कागद वाचला, परत वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण तो माझ्यावरचा नव्हता. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "हारांचे पैसे, गं. अशा घरी देत होतो मी तिला."

अंगठी आणि साडी लगेच परत गेली. बाकीच्यातले थोडे पैसे तूर विकल्यावर दिले. पूनम पगारातून पाठवते म्हणाली तर म्हणाले, "साखरपुडा मी ठरवला होता, मीच फेडीन." राहिलेले काल चिखलीला स्वतः जाऊन देऊन आले. पावती घेतली. तिथे पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

घरी येऊन पाय धुतले, ओट्यावर बसले आणि फोन मागितला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पूनमचा नंबर लावला. मी आत चुलीशी होते, पण कान बाहेर होते.

"हॅलो. हां, मीच," ते म्हणाले. पावतीचा कागद उलगडल्याचा आवाज आला. "सगळे पैसे देऊन आलो, माय. आता तुझ्यावर कोणाचं काही नाही."